तिचं लेझर, माझं ऑपरेशन

माझ्या धाकट्या जावेने मूळव्याध हा शब्द हळदीकुंकवात उच्चारला. घोडबंदर रोडवरचा तिचा सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलमध्ये दहा-बारा बायका, आणि कुणीतरी सहज विचारलं की मागच्या आठवड्यात दिसली नाहीस. तिळगुळाचा डबा पुढे करत ती म्हणाली, "अगं, माझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. लेझरने. दुसऱ्या दिवशी घरी." एक-दोघी हसल्या, एकीने डॉक्टर कोण म्हणून विचारलं, आणि ती नौपाड्यातला पत्ता सांगत सोफ्यावर बसली. नुसती टेकली नाही, पाय वर घेऊन मांडी घालून बसली.

मी भिंतीशी उभी राहून त्या मांडीकडे बघत होते. मला तिच्या फ्लॅटचा, खाली खाडी दिसणाऱ्या गॅलरीचा हेवा वाटायचाच, त्याची सवय झाली होती. पण माणसाच्या मांडी घालून बसण्याचा हेवा वाटू शकतो हे त्या दिवशी कळलं.

मला हा त्रास मुलीच्या बाळंतपणापासून. मुलगी आता नाशिकला नोकरी करते, म्हणजे तेवीस वर्षं झाली. सुरुवातीला नुसतं रक्त पडायचं. मग मोड बाहेर यायला लागला, तो आपला आपण आत जायचा. पुढे तो बोटाने आत ढकलावा लागायचा. शेवटची चार वर्षं तो आत जायचाच नाही. धंदा माझा शिवणाचा, डोंबिवली पूर्वेला घरातच मशीन, दिवसाचे आठ-आठ तास बसून ब्लाऊज शिवायचे. खुर्चीवर उशी, उशीवर घडी केलेली जुनी साडी, आणि तरी एका कुल्ल्यावर भार देऊन वाकडी बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं मला कंबरदुखी आहे. मी कधी नाही म्हटलं नाही. परकर सगळे काळे किंवा मरून. आमच्या इथल्या मेडिकलवाल्याची बायको माझ्याकडे साड्यांना फॉल लावायला यायची, म्हणून मलम आणायला मी पूल ओलांडून पश्चिमेला जायचे. यांनासुद्धा मी इतकंच सांगितलं होतं की मला उष्णतेचा त्रास आहे. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याला एवढंच माहीत.

आणि ही मात्र दोन महिने रक्त दिसलं तर थेट डॉक्टरकडे गेली, आणि आल्यावर बायकांना तिळगुळाबरोबर वाटून टाकलं.

त्या दिवशी सासूबाई आतून तिच्यासाठी ताक घेऊन आल्या. "हिला अजून तिखट द्यायचं नाही," असं आल्या-गेल्याला सांगत होत्या. सासूबाई सोळा वर्षं माझ्याकडे होत्या. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे गेले म्हणून चार वर्षांपूर्वी त्या भावजींकडे राहायला गेल्या. सोळा वर्षांत त्यांनी मला ताकाचा पेला आणून दिल्याचं मला आठवत नव्हतं. परतताना बसमध्ये जागा मिळाली तरी मी उभीच राहिले, आणि ठाणे स्टेशनपर्यंत तोच हिशेब डोक्यात करत होते.

फेब्रुवारीत एका सकाळी अस्तर कापताना मला चक्कर आली. कात्री हातात होती, नशीब की ती अंगावर आली नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. "पाळीत जास्त जातं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. इतकं सोपं उत्तर समोर असताना खरं कोण सांगतं? मग सोनोग्राफी झाली, गोळ्या झाल्या, महिना त्यात गेला. सोनोग्राफीत काहीच निघेना तेव्हा बाई म्हणाल्या, "रक्त जातंय कुठून मग?" मी खाली बघून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सर्जनकडे जायची चिठ्ठी लिहून दिली.

जावेला फोन करायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण डॉक्टर तिचेच हवे होते. तिच्यासारखंच सगळं मला हवं होतं. तिने दहा मिनिटांत अपॉइंटमेंट घेऊन दिली. "आईंना सांगू नकोस," मी म्हटलं.

"का पण ताई? त्यात काय आहे?"

ते 'त्यात काय' मला चांगलंच झोंबलं. "पोटाचं छोटं ऑपरेशन आहे म्हणून सांग," असं बजावून मी फोन ठेवला.

नौपाड्यातले ते सर्जन वयस्कर होते, शांत बोलणारे. हे माझ्याबरोबर आले होते. मी बसायच्या आत सांगून टाकलं, "मला माझ्या जावेसारखं लेझर करायचंय." त्यांनी पडद्यामागे तपासलं. बाहेर येऊन हात धुतले आणि यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले.

"तुमच्या जाऊबाईंची दुसऱ्या ग्रेडची होती. तुमची चौथ्या ग्रेडची आहे. तीन मोठे मोड आहेत, कायमचे बाहेर. इथे लेझर चालणार नाही. उघडं ऑपरेशन करावं लागेल, मोड कापून काढायचे आणि जखमा उघड्याच ठेवायच्या. भरायला सहा आठवडे तरी लागतील. त्रास होईल, ते मी लपवणार नाही."

"तिला दोन दिवसांत घरी सोडलं," मी म्हणाले. मला माझाच आवाज लहान मुलीसारखा वाटला.

"त्या दोन महिन्यांत माझ्याकडे आल्या," ते म्हणाले. "तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी आला असतात तर तुम्हालाही सोडलं असतं."

परत येताना हे रिक्षात एकच वाक्य बोलले. "मला सांगायचंस तरी." आजारातसुद्धा ती माझ्यापेक्षा वरच्या वर्गात निघाली, हेच माझ्या डोक्यात होतं.

आधी रक्ताची एक बाटली चढवली, मग ऑपरेशन. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं. मला काही कळलं नाही, फक्त डॉक्टर आणि सिस्टर क्रिकेटबद्दल बोलत होते ते ऐकू आलं. दुपारी खोलीत आणलं. संध्याकाळपर्यंत पायात जीव आला, पण लघवी होईना. ओटीपोट दगडासारखं घट्ट झालं. सिस्टरने गरम पाण्याची पिशवी दिली, नळ सोडून ठेवला, मला धरून उभं केलं. काही उपयोग झाला नाही. "होतं असं कधीकधी," ती म्हणाली, "तुमच्या जावेला मात्र लगेच झाली होती. त्या स्वतः चालत गेल्या." तिच्या मनात काही नसणार. मला मात्र वाटलं की तिचं सगळं सोपं आणि माझं अवघड, ही गोष्ट आता या भिंतींनाही माहीत आहे. शेवटी नळी घालावी लागली, ती दोन दिवस राहिली.

जाऊ भेटायला आली तेव्हा पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. मी चादर ओढून ती झाकली. तिने बघून न बघितल्यासारखं केलं, मूगडाळीची खिचडी आणली होती ती वाढली, आणि निघताना सासूबाईंचा निरोप सांगितला. "आई म्हणाल्या, पोटाला जप."

घरी गेल्यावरचे दिवस मी फार सांगणार नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा शौचाला झाली तेव्हा दाराची कडी दातात धरायची बाकी होती. काचा जातात असं म्हणतात, तसंच. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, उकिडवं बसता येईना, म्हणून यांनी मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची आणून वर ठेवली. दिवसातून तीन वेळा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. कपडे भिजवायचा निळा टब होता आमचा, त्यात गुडघे छातीशी घेऊन कशीबशी मावायचे. पाणी गार झालं की गॅसपाशी जाऊन पुन्हा तापवायचं, तोवर ओलीच उभी. जावेकडे गिझर, बाथटब, हाताशी फवारा. तिला तर पाण्यात बसायची गरज पडली तीही तीन-चार दिवस. टबात बसल्या बसल्या मी मनात तिच्या बाथरूमच्या फरशा मोजायचे.

नवव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी संडासातून उठले आणि रक्ताच्या गाठी पडल्या. मोठ्या, काळसर. पाठोपाठ लाल रक्त, थांबेचना. हे एमआयडीसीतल्या कंपनीत, तिथे मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. मी टॉवेल लावून भिंतीला धरत बाहेर आले आणि ज्या एका माणसाला फोन करायची इच्छा नव्हती, त्याच माणसाला केला.

"ताई, आडव्या व्हा, पायाखाली उशी घ्या," जाऊ म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "मी डॉक्टरांना विचारते. पण मला पोचायला तास लागेल. शेजारच्यांना बोलवा."

"नको. मी थांबते."

"थांबायची वेळ नाहीये ही. दार उघडून समोरच्या काकूंना सांगा. फोन चालू ठेवा, मला ऐकू येऊ दे."

ती धाकटी असून मला हुकूम सोडत होती, आणि फोन चालू ठेवायला सांगत होती, म्हणजे मी टाळणार हे तिला ठाऊक होतं. मला इतका राग आला की त्या रागातच मी दारापर्यंत पोचले. काकूंनी दार उघडलं. मी म्हणाले, "माझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय. रक्त थांबत नाहीये." डॉक्टर सोडले तर तेवीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द घराबाहेरच्या माणसासमोर निघाला. काकू हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. पदर खोचून त्या आत आल्या, मला जमिनीवर आडवं केलं, कपाटातून सगळे टॉवेल काढले, आणि खाली वॉचमनला ओरडून रुग्णवाहिका मागवली.

जवळच्या हॉस्पिटलात सलाईन लावून, आतून पट्टी दाबून बसवली आणि तशीच मला ठाण्याला पाठवली. शीळफाट्यापासून कळव्यापर्यंत काकू माझा हात धरून होत्या. नौपाड्यात गाडी थांबली तेव्हा दारात जाऊ उभी होती. तिने रक्ताची सोय करून ठेवली होती, ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला लावलं होतं, कंपनीच्या गेटवर फोन करून यांना निरोप दिला होता. अंगात घरातला कुर्ता, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ती स्ट्रेचरबरोबर चालत होती आणि मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघत विचार करत होते की हिला सगळं कसं जमतं. जीव जायची वेळ आली होती आणि मी तिच्यावर जळत होते. हे लिहायला लाज वाटते, पण झालं तसं सांगते आहे.

आत एक रक्तवाहिनी उघडी पडली होती. डॉक्टरांनी टाके घालून ती बांधली. दोन बाटल्या रक्त चढलं. "आठव्या-दहाव्या दिवशी क्वचित असं होतं," ते म्हणाले, "वेळेत आलात."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. आता पोटाचं नाटक चालण्यासारखं नव्हतं. काठी टेकत त्या खुर्चीवर बसल्या.

"मला पोटाचं सांगितलंस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला उगाच काळजी."

"धाकटीचं मी केलं. ताक करून दिलं, पाणी तापवून दिलं. तुझं करायला मला जड झालं असतं का? तू सांगितलंच नाहीस तर मी करणार काय?"

चार वर्षं मी त्यांच्या नावावर जे जे मांडून ठेवलं होतं त्यातलं निम्मं तरी माझंच होतं. त्यांनी भावजींना सांगून टाकलं की थोरली बरी होईपर्यंत आपल्याकडे राहील. मला नको होतं. पण तीन मजले चढायची ताकद माझ्यात नव्हती.

असे तीन आठवडे मी त्या सतराव्या मजल्यावर काढले. ज्या बाथरूमच्या फरशा मी मनात मोजत होते तिथल्याच टबात दिवसातून तीनदा बसत होते. पाणी सासूबाई स्वतः हात घालून बघायच्या, फार गरम नाही ना. जाऊ सकाळी नऊला लॅपटॉप उघडून बसायची ती दुपारी एकदा उठायची. तासन्‌तास खुर्चीत, उशी नाही काही नाही. मी आतल्या खोलीत कुशीवर पडून तिची खुर्ची करकरते ती ऐकायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना सासूबाई आमटीचा घास घेऊन म्हणाल्या, "चांगली झाली आहे. थोरलीच्या हातची वेगळीच." जाऊने आमटीचं भांडं उचलून आत नेलं. संध्याकाळी ती माझ्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती. घड्या वाकड्या होत होत्या, मी त्यातली एक घेऊन नीट केली. तर ती एकदम म्हणाली, "हेच. रोज हेच असतं मला."

"काय गं?"

"थोरली घड्या कशा घालायची. थोरली आमटीला कोकम किती घालायची. थोरलीने सोळा वर्षांत कधी बाहेरचं मागवलं नाही. ताई, चार वर्षं मी रोज सकाळी तुम्हाला ऐकते. तुम्ही इथे नसता ना, तेव्हा जास्त असता." मग म्हणाली, "मला तुमचा राग यायचा. खूप. तुमच्याकडे ब्लाऊज टाकायला यायचे तेव्हासुद्धा यायचा."

ती रडली नाही, घड्या घालत राहिली. मी तिला म्हटलं, "मला तुझ्या मांडीचा राग आला होता."

"कशाचा?"

मी सांगितलं. हळदीकुंकू, सोफा, सगळं. ती हसायला लागली. मलाही हसू आलं, पण हसताना टाक्यांवर ताण पडत होता म्हणून मी कुशीवर वळून उशी घट्ट धरली. हॉलमध्ये सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करून आम्ही कशाला हसतोय ते ऐकत होत्या.

यानंतर आमच्यात सगळं गोड झालं असं नाही. तिने माझ्यावर जळावं याचं मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्या रात्री झोप चांगली लागली. पण सकाळी ती खुर्चीत बसली की मी पुन्हा ती करकर मोजायला लागायचे.

एप्रिलमध्ये घरी आले. लग्नाचा सीझन होता. बसता येत नव्हतं म्हणून मी कापायचं काम उभ्याने करायचे, हूक-काजं ओट्यापाशी उभी राहून लावायचे, पण मशीन काही उभ्याने चालत नाही. माझी बरीच गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या नव्या टेलरबाईकडे गेली. तिथून तिच्या मशीनचा आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायचे.

जूनमध्ये नवीनच त्रास सुरू झाला. शौचाला जोर करूनही बारीक, पेन्सिलीसारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, जखमा भरताना कातडी आखडली आहे, वाट अरुंद झाली आहे. पुन्हा भूल देऊन ती रुंद करावी लागली. मग त्यांनी बोटाएवढी एक गुळगुळीत कांडी दिली, बधिर करणारं मलम लावून रोज ती आत घालायची, काही मिनिटं ठेवायची. सिस्टर शिकवत होती तेव्हा मी विचारलं, "माझ्या जावेला हे करावं लागलं नाही ना?" ती म्हणाली, "नाही हो, त्यांना कशाला." मला माहीतच होतं. तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही.

ती कांडी मी साडेतीन महिने वापरली. हे पहिल्या आठवड्यात दाराबाहेर उभे राहून "ठीक आहेस ना?" विचारायचे. मी आतून "हो" म्हणायचे. आमच्या लग्नातलं ते नवीन होतं.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता यायची गरज नाही. पाणी प्या, भाज्या खा, जोर करू नका, तासाला एकदा मशीनवरून उठा. जावेचीही शेवटची तपासणी तेव्हाच होती, म्हणून आम्ही बरोबर गेलो होतो. तिचं तर काहीच नव्हतं. दोन मिनिटांत बाहेर आली.

खाली उतरल्यावर तिला भूक लागली. नौपाड्यातल्या एका हॉटेलात आम्ही बसलो. मी लाकडी बाकावर, उशीशिवाय, बऱ्यापैकी सरळ. तिने मिसळ मागवली आणि वेटरला तर्री वेगळी आणायला सांगितली. मी इडली आणि चहा घेतला, चटणी बाजूला ठेवून. ती फरसाणावर तर्री ओतत होती, लाल, वर तेलाचा थर. कपाळावर घाम आला तरी खात होती.

"एक घास घ्या ना ताई," ती म्हणाली. "काही होत नाही."

"तुला होत नाही," मी म्हणाले.

तिने पाव मोडून माझ्या बशीत ठेवला, कोरडाच. मी तो चहात बुडवून खाल्ला आणि तिची मिसळ संपेपर्यंत तिच्या ताटाकडे बघत राहिले.